मोठ्या मायची पाखरं: आजीला आठवत पक्षी बघायला कसं शिकायचं

मोठी माय गेली तेव्हा तिच्या लोखंडी पेटीत चार लुगडी, एका काडीचा चष्मा आणि दोरीची गोफण निघाली. लुगडी आत्यांनी वाटून घेतली. गोफण कुणालाच नको होती, म्हणून ती माझ्याकडे आली. याच गोफणीने ती दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, वावरात माळ्यावर (मचाणावर) उभी राहून भोरड्या हाकायची, आणि त्याच दिवशी संध्याकाळी ओट्यावर बसून चिमण्यांना मूठभर कण्या टाकायची. लहानपणी मला हे कोडंच वाटायचं. विचारलं तर म्हणायची, "वावरमा चोर, आंगनमा पाव्हना."

ज्यांची आजी अशी पाखरांत रमायची, आता ती नाही, आणि ज्यांना स्वतःला कावळा-चिमणीपलीकडे काही ओळखता येत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. सहा वर्षांपूर्वी मीही त्यातलीच होते. आमचं गाव खान्देशात, पांझरा नदीकाठी, बोली अहिराणी, आणि मी नोकरीमुळे शहरात. पक्षीतज्ज्ञ मी आजही नाही. पण मोठ्या मायच्या तोंडची चाळीसेक पाखरं आता मला ओळखू येतात. कशी, ते सांगते.

आधी वही, दुर्बीण नंतर

पहिल्या महिन्यात काही विकत घ्यायचं नाही. दोनशे पानी वही आणि पेन्सिल, बस्स. आजीला ओळखणारी म्हातारी माणसं अजून आहेत तोवर तिच्या तोंडची पक्ष्यांची नावं गोळा करायची. पक्ष्यांची पुस्तकं पुढच्या वर्षीही मिळतील, धाकट्या आजोबांचं तसं सांगता येत नाही.

विचारायची मात्र एक रीत आहे. "आजीला कोणते पक्षी आवडायचे?" असं विचारलंत तर समोरचा "मोर" म्हणतो आणि चहा मागवतो. त्याऐवजी कामाचं विचारा. वावरात ती कोणावर ओरडायची? कोणतं पाखरू ओरडलं की "पानी येई" म्हणायची? खळ्यावर कोण यायचं? विहिरीत कोण राहायचं? कोणत्या पाखराचं नाव घेऊन ती सुनांना टोमणे मारायची? या शेवटच्या प्रश्नावर माझी काकू अर्धा तास बोलली. सातभाई, टिटवी आणि कोकिळा ही तिन्ही नावं वहीत त्या अर्ध्या तासात आली.

वहीत पाच रकाने पाडा: तिचं नाव, ते काय करायचं, कुठे दिसायचं, कोणत्या दिवसांत, आणि पुस्तकातलं नाव. शेवटचा रकाना रिकामा ठेवा. घाईने भरलात तर फसाल, मी फसले. मोठी माय एका "ठिपकावाली"बद्दल बोलायची: तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, निंबावर चोरासारखी येते, ओरडते कमी आणि कावळे तिच्या मागे लागतात. मी दोन वर्षं ही ठिपकेवाली कुणी दुर्मीळ पाहुणी समजून शोधली. ती निघाली कोकिळेची मादी. गातो तो नर, काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी ठिपक्यांची, आणि अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते म्हणून कावळे मागे लागतात. मोठ्या मायचं वर्णन शब्दन् शब्द बरोबर होतं, चुकले मी.

गावोगावी नावं बदलतात, त्याने गोंधळू नका. होल्याला कुणी व्हला म्हणेल, भारद्वाजाला कुणी कुंभारकावळा. सगळी लिहून घ्या. तुमच्या घरात जे म्हणत होते ते पहिल्या रकान्यात, बाकी खाली.

ती बसायची तिथे बसा

आता जागा. ओटा, विहिरीची कड, खळं, बांधावरचा निंब, जिथे तिचा वेळ जायचा तिथे आठवड्यातून दोनदा, सूर्य उगवायच्या सुमारास, वीस मिनिटं बसायचं. मोठी माय फडाच्या बंधाऱ्यापाशी, पाटाच्या कडेला बसायची. पांझरेवरची ही फडपद्धत जुनी. बंधाऱ्याने अडवलेलं पाणी पाटाने फडाफडांत फिरतं, त्यामुळे उन्हाळा तोंडावर आला तरी तिथे थोडी ओल असते आणि पाखरांची ये-जा चालू राहते. गाव सोडलेल्यांनी मनाला लावून घेऊ नये. शहरातल्या गॅलरीतूनही चालतं, फक्त जागा एकच ठेवा आणि वेळ एकच ठेवा.

मी लहान असताना ती हाताला धरून बसवायची. "आठे बठ. गुपचूप. त्यास्नी येवानी येळ शे." पक्षीनिरीक्षणाचं निम्मं शिक्षण या तीन वाक्यांत आलं. पहिली पाच मिनिटं काहीच येत नाही, कारण तुम्ही आलेले सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ती म्हणायची, "आपुन दखाना आगोदर त्या आपले दखी लेतस." सहाव्या-सातव्या मिनिटाला तुमची भीड चेपल्यासारखं एकेक जण कामाला लागतो. म्हणून मोबाइल खिशात, कपडे मातकट किंवा पानांच्या रंगाचे, आणि हातवारे नाहीत. माझ्या पहिल्या सकाळी मी भडक लाल ओढणी घेऊन बसले होते. एक कुत्रं तेवढं जवळ आलं.

पाखरू दिसलं की आधी रंग बघू नका. रंग उन्हात फसवतो, सावलीत तर जास्तच. आधी माप घ्या. चार मोजमापं पुरतात: चिमणीएवढं, साळुंकीएवढं, कावळ्याएवढं, घारीएवढं. "साळुंकीपेक्षा थोडं लहान, शेपटी लांब" असं मनात म्हटलं की अर्ध्याहून जास्त पर्याय गळतात. मग चोच: दाणे फोडणारी जाड, किडे टिपणारी बारीक, मासे धरणारी लांब. मग वागणं: जमिनीवर चालतं की टुणटुण उड्या मारतं, तारेवरून झेप घेऊन परत त्याच जागी येतं का, शेपटी खालीवर हलवतं का. तारेवरून हवेत झेपावून पुन्हा तारेवर येणारं, हिरवं, चिमणीच्या मापाचं आणि शेपटीतून एक काडी बाहेर आलेली दिसली तर तो वेडा राघू. काळाकुळकुळीत, शेपूट दुभंगलेली, गुरांच्या पाठीवर ऐटीत बसलेला तो कोतवाल. पाण्याच्या कडेने शेपटी हलवत धावणारा धोबी. आमच्याकडे त्याला धोबीणच म्हणत, कारण तो पाटावर धुणं चाललेलं असायचं तिथेच असायचा.

पहिले पंधरा पक्षी असे येऊ द्या: चिमणी, साळुंकी, बुलबुल, होला, पारवा, कोतवाल, वेडा राघू, सातभाई, टिटवी, खंड्या, गायबगळा, भारद्वाज, पोपट, कावळा, घार. हे अगदी साधे वाटतील, पण सोळावा पक्षी वेगळा आहे हे कळायला हे पंधरा पाठ असावे लागतात.

कानाने ओळख

मोठ्या मायला शेवटची चार वर्षं नीट दिसत नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन तिने टाळलं. तरी अंगणात कोण आलं ते ती सांगायची. मी याला आधी तिची हौस समजले. नंतर कळलं, ही शिकण्यासारखी गोष्ट आहे आणि डोळ्यांपेक्षा लवकर जमते.

डोळे मिटून पाच मिनिटं बसा आणि किती वेगळे आवाज येतात तेवढं बोटांवर मोजा. नावं नकोत. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एका आवाजाचा माग काढा, मालक दिसेपर्यंत. आठवड्याला एक आवाज, एवढ्या गतीने चला. उन्हाळ्यात भर दुपारी कुणीतरी लांबवर तांब्याच्या भांड्यावर ठोके देतंय असा टुक्-टुक् आवाज येत राहिला तर तो तांबट. चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. दिसायला फार अवघड, ऐकायला फुकट. टिटवी रात्रीही ओरडते, कारण तिची अंडी उघड्या जमिनीवर, खड्यांत असतात आणि कुत्रं, कोल्हा, माणूस कुणीही जवळ आलं तरी ती आकाश डोक्यावर घेते. तिच्या आरडाओरड्यामागे अपशकुन नाही, चार अंडी असतात. ऊन फार झालं की टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. वैशाखात पाटाकाठी बसलात तर हे बघायला मिळेल.

आणि सातभाई. त्यांचा कलकलाट दोन प्रकारचा असतो. एक रोजचा, भांडकुदळ बायका पाणवठ्यावर असाव्यात तसा (हे मोठ्या मायचं, माझं नाही). दुसरा चिरका, एका जागी गोळा होऊन, थांबता न थांबणारा. हा दुसरा ऐकला की ती काठी घेऊन कडब्याच्या गंजीकडे जायची. तिथे साप, मांजर किंवा दिवसाउजेडी अंग चोरून बसलेला पिंगळा, यांतलं काहीतरी हमखास असायचं. नवशिक्यांनी हा आवाज पहिल्या महिन्यातच शिकून घ्यावा. वावरात वाकून काम करणाऱ्याला तो कुठल्याही अ‍ॅपपेक्षा उपयोगी आहे.

खान्देशातलं पाखरांचं वर्ष

वहीत महिने मराठीच लिहा. आजीची आठवण सणांना चिकटलेली असते, तारखांना नाही.

ज्येष्ठात पहिल्या ढगांसोबत चातक येतो. काळा-पांढरा, डोक्यावर शेंडी, आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आलेला. त्याच दिवसांत पावशा "पेरते व्हा, पेरते व्हा" करून रात्रीसुद्धा झोपू देत नाही. हल्ली ठिबकवर मे महिन्यातच कापूस लावणाऱ्यांना त्याच्या सूचनेची गरज उरलेली नाही, पण तो सांगायचं सोडत नाही. दोघेही आपली अंडी सातभाईंच्या घरट्यांत घालतात. सातभाई एवढे भांडखोर असूनही कसे फसतात, हा मोठ्या मायचा आवडता प्रश्न होता.

आषाढ-श्रावण सुगरणीचे. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला लोंबणारे खोपे बघायला जाल तेव्हा नीट थांबून बघा, कारण विणतो तो नर. पिवळ्या टोपीचा. अर्धा खोपा विणून झाला की तो पंख फडफडवत लोंबकळतो, मादी येते, आत डोकावते, ओढून बघते. पसंत पडला तर संसार आणि पुढची नळी विणली जाते, नाहीतर तो खोपा तसाच अर्धवट टांगलेला राहतो. अर्धवट खोपे मोजा. आमच्या विहिरीवर एका पावसाळ्यात अकरा होते, पुरे सात. खोप्याच्या आत ओल्या चिखलाचे गोळे लावलेले असतात. लहानपणी मी एक खोपा काढून आणला होता, रिकामा समजून. मोठी माय मारायला धावली नाही. "तिन्हं घर शे ते," एवढंच म्हणाली आणि मला परत पाठवलं. बाभळीला तो परत बांधता येत नाही, हे मला तिथे गेल्यावर कळलं. शोभेसाठी खोपे तोडून आणून दिवाणखान्यात टांगणाऱ्यांकडे मी आजही जेवत नाही.

भाद्रपद-आश्विनात भोरड्या यायला लागतात. गुलाबी अंग, काळं डोकं आणि पंख, साळुंकीच्या मापाच्या. मध्य आशियात आणि पूर्व युरोपात पिल्लं वाढवून त्या इकडे येतात आणि चैत्राच्या आसपास परततात. संध्याकाळी बाभळबनात उतरताना त्यांचे थवे आकाशात धूर फिरावा तसे फिरतात. हे दृश्य फुकट आहे आणि आपल्याकडे दरवर्षी आहे. दादर निसवून दाणा दुधात आला की त्या वावरावर पडायच्या आणि मोठी माय माळ्यावर चढायची. गोफणीत ती दगड घालत नसे, मातीचं ढेकूळ घालायची. हवेतच फुटतं, पाखराला लागत नाही, आवाज मात्र होतो. शेजारचे हसायचे. भोरड्या टोळ-नाकतोडेही भरपूर खातात, म्हणून सगळा हिशेब तोट्याचा नाही. आता दादरचा पेरा आमच्या शिवारात कमी झाला, माळे तर दिसतच नाहीत. भोरड्या येतात.

कार्तिक ते पौष म्हणजे तारांवर चास बसायचे दिवस. बसलेला असताना मातकट दिसतो, उडाला की पंखातली निळाई उघडते. याच दिवसांत पाण्यावर बदकं येतात. त्यांचं पुढे सांगते. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सालिम अलींचा. गावच्या शाळेत जाऊन आजीची वही वाचून दाखवायला याहून बरं निमित्त नाही. मुलांना नवी नावं माहीत असतात, जुनी नसतात.

आखाजीचं पाणी

सगळ्यात जास्त आता हेच सांगायचंय, कारण सगळं सोडून फक्त एवढंच केलंत तरी चालेल.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांची घागर भरतात. पाण्याने भरलेली मातीची घागर, वर लहान भांडं, त्यावर डांगर किंवा आंबा, आणि विस्तवावर पुरणपोळीची आगारी. मोठी माय गेली त्या वर्षी तिच्या नावाची घागर भरली तेव्हा बाहेर पारा पंचेचाळिसाच्या आसपास होता. आगारीचा वास घेत एक साळुंकी ओट्यावर आली. चोच उघडी, श्वास जोरात. पाखरांना घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकत ती अंग थंड ठेवतात आणि त्यात अंगातलं पाणी जातं. घागर भरलेली होती, पण तिला त्यातलं घेता येत नव्हतं.

तेव्हापासून घागर घ्यायला कुंभाराकडे गेले की मी तिथूनच दोन परळंही, म्हणजे मातीची पसरट भांडी, घेते. तुम्हीही दोन घ्या, एक वापरात, एक उन्हात वाळत. हातभर रुंद, उथळ, कडेला जेमतेम इंचभर आणि मध्ये दोन इंच खोल. आतून खरखरीत हवं, पाय घसरता कामा नये. मध्ये एक चपटा दगड ठेवा. खोल भांड्यात लहान पाखरू बुडतं.

जागा निवडताना माझी पहिली चूक करू नका. मी शहरातल्या गच्चीवर स्लॅबवर काळी प्लास्टिकची घमेली ठेवली. दहा दिवस कुणी फिरकलं नाही. मोठ्या मायची पाखरं माझ्यावर रुसली, असा गळा मी काढला. अकराव्या दिवशी दुपारी घमेल्यात हात घातला तर चटका बसला. पाणी सावलीतच हवं: झाडाखाली, नाहीतर जुन्या साडीचं छत बांधून. जमिनीपासून छातीएवढ्या उंचीवर, आणि भोवती चार-पाच फूट मोकळं, म्हणजे मांजर दबा धरेल अशी कुंडी किंवा झुडूप जवळ नको. लगेच उडून बसायला एक फांदी मात्र वर हवी.

सकाळी आणि दुपारी तीनच्या सुमारास पाणी बदला. परळ रोज नारळाच्या शेंडीने घासा, साबण नको. शिळं पाणी राहिलं तर डासांची पैदास आणि पाखरांत रोगाची लागण, दोन्ही होतात. हे रोज जमणार नसेल तर परळ ठेवूच नका. आठ दिवसांच्या घाण पाण्यापेक्षा नसलेलं बरं.

निंबाखाली हलवल्यावर तिसऱ्या दिवशी पहिले आले ते सातभाई. सात नव्हते, नऊ होते. प्याले, आंघोळी केल्या आणि परळ कोरडं करून गेले. मग होले. दाणे खाणाऱ्या पाखरांना पाणी जास्त लागतं, कारण त्यांचं खाणं कोरडं. किडे खाणाऱ्यांना थोडं किड्यांतून मिळतं. नंतर बुलबुल, साळुंक्या, शेवटी जून उजाडता उजाडता चिमण्यांची एक जोडी.

पाण्याशेजारी दाणे ठेवायचे असतील तर बाजरी आणि तांदळाच्या कण्या, एकच मूठ. ढिगारा घातलात तर पारवे आणि उंदीर येतात आणि चिमण्या लांब राहतात. शेव-फरसाण, चिवडा, उरलेला मसालेभात नको, मीठ त्यांना झेपत नाही. मोठी माय कळण्याच्या भाकरीचा चुरा टाकायची. तेवढ्याने काही बिघडत नव्हतं, पण मी बाजरीच टाकते.

गावाबाहेर पडायचं तेव्हा

वर्षभर अंगण पाहून झालं की बाहेर पडा. धुळेकरांना नकाणे आणि डेडरगाव तलाव जवळ, जळगावकरांना मेहरूण. हिवाळ्यात पहाटे, सूर्य पाठीशी राहील अशा काठावर बसा. समोरून ऊन आलं तर सगळी बदकं काळीच दिसतात.

बदकांसाठी खरी जागा हतनूर. तापी-पूर्णेचा संगम चांगदेवला होतो, त्याच्या खाली भुसावळ तालुक्यात हे धरण आहे आणि त्याचा फुगवटा संगमापर्यंत पसरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तिथे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक येतात. सोबत बारमाही हळदीकुंकू, चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकू लावलेलं. वारकरीही भेटतील, काळे, कपाळाला पांढरा ठसा, पाण्यावर दिंडी काढल्यासारखे. ही नावं ऐकायला मोठी माय हवी होती.

जंगलाची ओढ असेल तर चाळीसगावजवळचं पाटणादेवी, सातपुड्यातलं यावल अभयारण्य, शिरपूरकडचं अनेर. आणि वर नंदुरबारकडे शहादा-तोरणमाळचा पट्टा, तिथली गोष्ट प्रत्येक वही लिहिणाऱ्याने ऐकावी.

रानपिंगळा हा लहानसा पिंगळा १८७२ साली छत्तीसगडच्या बाजूला पहिल्यांदा मिळाला, पुढच्या वर्षी पक्षीअभ्यासक ह्यूमने त्याला नाव दिलं. त्यानंतरचे काही नमुने आपल्या खान्देशातले. इथे अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसनने ते गोळा केले, शेवटचा १८८४ मध्ये. पुढे हा पक्षी नाहीसाच झाला. मध्ये एक नमुना १९१४ साली गुजरातेत मिळाल्याची नोंद होती आणि शोधणारे तिकडे शोधत राहिले. ती नोंद खोटी होती. माइनर्ट्‌झहागन नावाच्या संग्राहकाने संग्रहालयातला डेव्हिडसनचाच जुना नमुना चोरून त्याला नवी चिठ्ठी लावली होती. हे उघड झाल्यावर पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे पक्षीअभ्यासक जुन्या, खऱ्या नोंदींच्या जागी आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळच्या रानात सकाळच्या उजेडात रानपिंगळा समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. तुमच्या वहीत "बहुतेक" असेल तिथे "बहुतेक" लिहा. जिथे दिसलं तेच गाव लिहा, जवळचं मोठं गाव नको.

तुम्हाला तो दिसेलच असं नाही. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छाती गडद, पोट पांढरं, आणि दिवसा शिकार करतो, एवढं लक्षात ठेवा. घरच्या पिंगळ्याचं डोकं ठिपक्यांनी भरलेलं असतं. स्थानिक माहितगार सोबत घ्या, वनखात्याची परवानगी लागते तिथे घ्या, आणि मोबाइलवर त्याचा आवाज लावून बोलावू नका. त्याला तो दुसरा नर घुसल्यासारखा वाटतो आणि तो खाणं, पिल्लं सोडून भांडायला येतो. मी हे एकदा गावातल्या चिरक नावाच्या पाखराबरोबर केलं होतं. इवलासा जीव अर्धा तास माझ्या भोवती छाती फुगवून फिरत होता. गंमत वाटली, घरी आल्यावर वाटेनाशी झाली.

साधनं

दुर्बीण आता घ्या. ८×४२ लिहिलेली घ्या: आठपट जवळ दिसतं, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं, उजेड पुरेसा. दहापटीची हातात थरथरते. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी कडी आत दाबायची. पाखरावरून नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची, खाली बघून मग शोधायला गेलात तर ते गेलेलं असतं. ओट्यावरच्या तुळशीवर आठवडाभर सराव करा.

आवाज ओळखायला मर्लिन आणि नोंदी ठेवायला ई-बर्ड ही फुकट अ‍ॅप चांगली आहेत. मर्लिनने सुचवलेलं नाव डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शाईने लिहायचं नाही. घरट्यांचे फोटो टाकू नका, निदान जागा तरी सांगू नका. पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, मग तो आजीच्या नावाने का पाळलेला असेना.

फोटोची जागा

आमचं जुनं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं होतं. सऱ्यांच्या फटींत चिमण्या, आणि भिंतीवर पुढे झुकवून टांगलेल्या आजोबांच्या फोटोमागे दरवर्षी एक घरटं. चैत लागला की मोठी माय त्या खोलीतला पंखा लावू देत नसे. पंख्याच्या पात्यात चिमणी सापडलेली तिने एकदा पाहिली होती. पाहुणे घामाघूम होऊन बाहेर ओट्यावर जायचे, ती फोटोकडे बघून म्हणायची, "त्यास्ले इचारा."

धाबं पाडून स्लॅब टाकला तेव्हा फोटो भिंतीला सपाट चिकटवले गेले आणि चिमण्या गेल्या. तुम्ही चिमण्यांसाठी लाकडी पेटी लावू शकता: भोक ३२ मिलिमीटरचं, त्याखाली बसायला काडी नको, जमिनीपासून आठ-दहा फुटांवर, पश्चिमेचं ऊन न लागणाऱ्या भिंतीवर. फाल्गुन संपायच्या आत लावा, नंतर लावलेली पुढच्या वर्षीच भरते.

मी फोटो लावला. ज्या पडवीचं दार दिवसभर उघडं असतं, तिथे मोठ्या मायचा फोटो. वर दोरी सैल, खाली दोन लाकडी खुंट्या टेकायला, वरच्या कडेला भिंतीपासून चार बोटं जागा. हार नाही, चंदनाचा नाही आणि कागदाचाही नाही, पाखरांचे पाय अडकतात. पंख्याच्या बटणावर चैत्रापासून भादव्यापर्यंत चिकटपट्टी. पहिली दोन वर्षं काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी गुढीपाडव्यानंतर खाली फरशीवर काड्या पडायला लागल्या. वहिनी झाडताना त्या केरात टाकत नाही, उंबऱ्याबाहेर कोपऱ्यात ठेवते. दुपारपर्यंत त्यातल्या निम्म्या परत वर गेलेल्या असतात.